ॲनिमोन टँकभर का फिरतो, आणि फिरायला लागला की काय करायचं

आदल्या रात्री खाऱ्या पाण्याच्या टँकमधला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) समोरच्या दगडावर छान फुललेला असतो आणि सकाळी बघावं तर मागच्या काचेवर, पंपाच्या बाजूला चिकटलेला, मग माणूस घाबरतो आणि बाही वर करून हात पाण्यात घालतो. नेमकं तेच करायचं नाहीये. ॲनिमोन फिरतो त्याला कारण असतं, ते सापडलं की तो आपोआप बसतो, आणि नाही सापडलं तर तुम्ही त्याला कितीदाही उचलून ठेवा तो परत उठणार, वर प्रत्येक ओढाओढीत त्याचा पाय फाटायची भीती. नवीन लोकांनी काय क्रमाने करायचं ते खाली लिहितोय, आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी उन्हाळा, पावसाळा, लाइट जाणं हे सगळं धरून लिहितोय, कारण बाहेरचे व्हिडिओ बघून टँक सांभाळणाऱ्यांचं घोडं बहुतेक तिथेच अडतं.

आधी तो चालतो कसा ते समजून घ्या

दिसायला फूल असलं तरी तो प्राणी आहे, कोरल आणि जेलीफिशच्या गोतावळ्यातला. मुळं वगैरे काही नसतात. खाली स्नायूंचा चपटा गोल पाय, त्यावर उभं अंग, वर तबकडी, तबकडीच्या मधोमध तोंड आणि भोवती टेंटॅकल्स, म्हणजे डंख मारणारी लवचिक बोटं. खाणं आत जातं त्याच तोंडातून घाण बाहेर येते. मेंदू नाही, नुसतं नसांचं जाळं, तरीपण उजेड कुठून येतोय, पाणी कुठून लागतंय, शेजारी कोण बसलाय हे त्याला बरोबर कळतं.

काचेवर चालत असेल तर बाहेरून त्याचा तळवा दिसतो. रात्री टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून बघा. पायाची एक कड पातळ होऊन पुढे सरकते, काचेला धरते, मग मागची कड सुटून आक्रसते आणि सगळं अंग किंचित पुढे येतं, इतकं हळू की टक लावून बसलात तर हलताना दिसणार नाही, पण जेवून परत आलात की जागा बदललेली. आणि फारच असह्य झालं की तो पाय पूर्ण सोडून देतो, अंगात पाणी भरून फुगतो आणि प्रवाहाबरोबर वाहत जातो. हे वाहणं सगळ्यात धोक्याचं, कारण मग तो कुठे जाऊन अडकेल याचा काही नेम नाही.

त्याला मुळात चार गोष्टी हव्या असतात. उजेड, कारण त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याचं बरंचसं अन्न तेच बनवून देतं. प्रवाह, कारण श्वासाला ऑक्सिजन आणि तोंडाशी खाणं आणणारं आणि घाण वाहून नेणारं दुसरं काही नाही. पायाला घट्ट, सुरक्षित जागा. आणि रोज तेच ते, न बदलणारं पाणी. यातलं एक जरी बिनसलं की तो चालायला लागतो.

पायरी १: आणायच्या आधी टँक तयार आहे का बघा

टँकला किमान सहा महिने झालेले असावेत, वर्ष झालं असेल तर फारच उत्तम. अमोनिया-नायट्राइट शून्य आले म्हणजे टँक तयार, हे माशांपुरतं ठीक आहे, ॲनिमोनला नाही. नव्या टँकमध्ये आज अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) वर, उद्या खाली, परवा शेवाळ फुटलं, असं चालूच असतं आणि ॲनिमोनला ते सोसत नाही. इथे घाई करू नका अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण हा जीव नीट सांभाळला तर फार जगतो. स्कॉटिश निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन १८८७ पर्यंत एडिनबर्गमध्ये साध्या काचेच्या बरणीत जिवंत होता. आपल्याकडे मात्र कितीतरी ॲनिमोन महिनाभरात जातात, आणि ते बघवत नाही.

पाण्याचे आकडे असे ठेवा: तापमान २५-२६ डिग्री, सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ, सापेक्ष घनता साधारण १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप), आणि पुढचे आकडे पीपीएममध्ये, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. नायट्रेट अगदी शून्य करायच्या मागे लागू नका, त्यालाही थोडं लागतं. आणि आकडा किती यापेक्षा तो किती हलतो हे जास्त महत्त्वाचं, अल्कलिनिटी रोज ८.२ असलेला टँक हा आज ९ उद्या ७.५ असलेल्या टँकपेक्षा कधीही बरा.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे फार लोकांच्या लक्षात येत नाही. घरच्या आरओचं पाणी मीठ कालवायला आणि टॉप-अपला (उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला) वापरतो आपण, पण हल्ली बरेच घरगुती आरओ पिण्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडतात, मशीनवर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलंही असतं. माणसाला ते ठीक असेल, ॲनिमोनला तांबं म्हणजे विष. दुसरं म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर, चव यावी म्हणून तो थोडं नळाचं पाणी परत मिसळतो. टीडीएस मीटर घ्या, स्वस्तात मिळतो, आणि आरओमधून येणाऱ्या पाण्यावर लावून बघा, ४०-५० दाखवत असेल तर ते पाणी टँकसाठी नाही. वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) लावा आणि आकडा शून्यावर आणा. ज्या टँकमध्ये आधी कधी माशांना तांब्याचं औषध दिलंय त्यात तर ॲनिमोन आणूच नका, दगड आणि वाळू ते धरून ठेवतात.

समुद्र दहा मिनिटांवर आहे तर तिथलंच पाणी आणू, हे खूप जण विचारतात. जूनपासून मांडवी आणि झुवारीचं गोडं गढूळ पाणी समुद्रात उतरतं आणि किनाऱ्याजवळची सॅलिनिटी पार खाली जाते, शिवाय बोटींचं तेल, सांडपाणी. एका कॅनमध्ये ३४ आणि पुढच्या कॅनमध्ये २६ असं पाणी टाकलंत तर ॲनिमोनने चालू नये तर काय करावं. विकतचं मीठ वापरा.

आणि हणजूणच्या खडकांत ओहोटीला जे ॲनिमोन दिसतात ते तिथेच राहू द्या, काढून घरी आणू नका. बघायला मात्र जरूर जा, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे: अंग फटीत आत लपवलेलं असतं आणि फक्त टेंटॅकल्स पाण्यात उघडे. पायाला सुरक्षित जागा म्हणजे काय ते तिथे एका नजरेत कळतं. समुद्रातून कोरल किंवा कोरल चिकटलेला दगड उचलणं तर सरळ गुन्हा आहे, दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ड्राय रॉक (टँकसाठी मिळणारा सुका दगड) घ्या, त्याच्यावर सगळं छान जमतं.

पायरी २: कुठला ॲनिमोन

नवीन असाल तर बबल टिप. त्याला दगडाची फट लागते, मोठा झाला की ३० सेंटीमीटरपर्यंत पसरतो, २०० लिटरच्या टँकमध्ये बसतो. हॅडोनी कार्पेट आपल्या भारताच्या किनाऱ्यावरही सापडतो आणि दुकानात दिसतो म्हणून लोक घेतात, पण तो दगडावर नाही तर वाळूत पाय रोवतो, त्याला १०-१५ सेंटीमीटर खोल वाळू हवी, वाढून अर्धा मीटर ते ८० सेंटीमीटर होतो आणि छोटे मासे पकडून खातो. त्याला दगडावर ठेवलंत तर तो फिरणारच, त्यात त्याची चूक काही नाही. लाँग टेंटॅकलसुद्धा वाळूवाला. मॅग्निफिका दिसायला सगळ्यात देखणा, पण त्याला सगळ्यात उंच जागा, भरपूर उजेड आणि जोरदार प्रवाह लागतो, मीटरभर मोठा होतो आणि फिरण्यात सगळ्यांचा बाप. पहिला ॲनिमोन म्हणून तो नकोच.

विकत घेताना तोंड बघा, घट्ट मिटलेलं हवं. टेंटॅकल्स चिकट हवेत, पाय कुठे फाटलेला नको, आणि दुकानातही तो कशाला तरी धरून बसलेला असावा. पांढराफटक असेल तर शेवाळ निघून गेलंय, म्हणजे तो उपाशी आहे. भडक पिवळा किंवा जांभळा सेबे (ॲनिमोनची आणखी एक जात) दिसला तर तो रंगवलेला असण्याची शक्यता जास्त, तो घेऊ नका, घेतलात तर दुकानदार आणखी रंगवलेले आणेल.

पायरी ३: पंप आधी झाकून घ्या

ही पायरी कोणीही टाळू नका. फिरणारा ॲनिमोन मरतो तो बहुतेक वेळा फिरण्यामुळे नाही तर वेव्हमेकरमध्ये (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपात) ओढला गेल्यामुळे, आणि मग त्याचे तुकडे पाण्यात पसरून मासेसुद्धा आजारी पडतात. प्रत्येक वेव्हमेकरवर जाळी किंवा भरड स्पंजचं कव्हर लावा, ओव्हरफ्लोच्या दातांवर (जिथून पाणी टँकमधून खाली उतरतं त्या खाचांवर) प्लास्टिक जाळी, हीटर असेल तर त्याला गार्ड. स्पंज दर आठवड्याला धुवा, नाहीतर प्रवाह कमी होतो आणि त्या कमी प्रवाहामुळेच ॲनिमोन उठतो.

गोव्यात अजून एक भानगड आहे. लाइट जाते. पावसाळ्यात रात्री एकदा गेली की कधीकधी पहाटेपर्यंत येत नाही, वेव्हमेकर बंद, पाणी स्थिर, ऑक्सिजन कमी होतो, ॲनिमोन प्रवाहाच्या शोधात निघतो आणि बंद पडलेल्या वेव्हमेकरवरच जाऊन बसतो, आणि तेवढ्यात लाइट येते. फोंड्यात माझ्या ओळखीच्या एकांकडे अगदी असंच झालं, सकाळी पाणी दुधाळ, खोलीभर वास. म्हणून एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर ठेवा, बाकी दिवे वगैरे नसले तरी चालतील, तो एक चालू पाहिजे. इन्व्हर्टर नसेल तर निदान बॅटरीवरचा एअर पंप. आणि लांब लाइट गेली असेल तर वेव्हमेकरचं बटण बंद करून ठेवा, लाइट आल्यावर आत टॉर्च मारून ॲनिमोन कुठे आहे ते बघा आणि मगच चालू करा.

पायरी ४: टँकमध्ये सोडणं आणि पहिले काही दिवस

पिशवीत तासभर टँकचं पाणी थेंबथेंब सोडा (ड्रिप करा), पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. दिवे नेहमीच्या निम्म्यावर आणा आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, दुकानात तो मंद उजेडात होता आणि तुमच्या एलईडीच्या पूर्ण झोतात आला तर पहिलं काम म्हणून दगडाखाली पळेल. बबल टिपसाठी आधीच अशी जागा बघून ठेवा जिथे दगडात अंगठा जाईल एवढी खोल फट आहे, वर मध्यम उजेड आहे आणि पाणी थेट न आपटता झुलत झुलत येतंय. वेव्हमेकर अर्धा तास बंद करा, त्याचा पाय फटीच्या तोंडाशी टेकवा आणि सोडून द्या.

माझी आवडती पद्धत जरा वेगळी आहे. प्लास्टिकची छोटी जाळीदार टोपली घ्या, त्यात मुठीएवढा फटीवाला दगड ठेवा, त्याच्यावर ॲनिमोन, आणि टोपली टँकमध्येच उजेड-प्रवाहाच्या जागी ठेवा. दोन-चार दिवसांत तो त्या दगडाला धरतो, मग दगडासकट उचलून हव्या त्या जागी ठेवायचा. हात त्याला लागतच नाही. आणि हा दगड बाकी दगडांपासून लांब, चारी बाजूंनी वाळू असलेल्या जागी ठेवलात तर अजून चांगलं, बबल टिप सहसा उघडी वाळू ओलांडत नाही.

पहिले दोन आठवडे तो थोडा इकडेतिकडे सरकला तर काळजी करू नका, जागा चाचपतोय. रात्री आक्रसून छोटा होणं, दिवसातून एखाद वेळी पूर्ण आतलं पाणी सोडून लिबलिबीत होणं, तोंडातून तपकिरी धागे बाहेर टाकणं, हेही नॉर्मल आहे. या काळात खायला घालायची घाई नको, बसल्यावर आठवड्यातून एकदा पुरे.

खाण्याचं म्हणाल तर बाजारातलं सुंगट (कोळंबी) उत्तम, सोलून, बिनमिठाचं, नखाएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवलेलं. मोठा तुकडा दिला तर तो रात्री तसाच ओकतो आणि पाणी नासतं. २०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, तेव्हा ओळखीच्या मासेवालीकडून इथलंच ताजं घ्या. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, मे महिन्यातच थोडं साठवून ठेवा, नाहीतर फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आहेच.

पायरी ५: फिरायला लागला, तर तो कुठे गेला ते बघा

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते आणि बहुतेक लोक इकडे बघतच नाहीत. एक वही ठेवा किंवा मोबाईलवर रोज एकाच जागेवरून सकाळ-संध्याकाळ फोटो काढा, दिशा कळते.

वर चढत असेल, दगडाच्या टोकाकडे किंवा काचेवरून पाण्याच्या पृष्ठभागाकडे, आणि अंग लांब ताणून टेंटॅकल्स दिव्याकडे करत असेल तर उजेड कमी पडतोय. बबल टिपला साधारण १०० ते २०० पार (PAR, शेवाळाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) लागतो, पार मीटर सगळ्यांकडे नसतो, ओळखीत कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा, पैसे वाचतात. दिवा जुना झालाय का, काचेचं झाकण मीठ साचून पांढरं झालंय का हेही बघा, झाकण पुसल्यावर खाली उतरलेले ॲनिमोन मी पाहिलेत.

खाली, दगडाच्या पोटात, सावलीत गेला आणि दिवसभर मिटलेला असेल तर उजेड जास्त झाला किंवा एकदम वाढला. नवीन एलईडी लावला का? बाल्कांवच्या दारातून ऊन थेट टँकवर येतंय का? आपल्याकडे ऑक्टोबरनंतर ऊन तिरपं आत येतं, जूनमध्ये ठेवलेल्या टँकवर डिसेंबरात ऊन पडू शकतं, हे लक्षात येत नाही पटकन.

वेव्हमेकरच्या दिशेने चाललाय किंवा रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी परत येतं त्या नळीच्या) तोंडाजवळ जाऊन बसतोय तर त्याला प्रवाह हवाय. उलट, प्रवाहापासून लांब कोपऱ्यात गेला आणि टेंटॅकल्स सगळे एकाच बाजूला लोळलेले असतील तर प्रवाह थेट आणि जास्त आहे, वेव्हमेकरचं तोंड काचेकडे वळवा म्हणजे पाणी आपटून पसरून येईल. टेंटॅकल्स सगळीकडे सैल झुलले पाहिजेत, कुठेच दाबून बसलेले नकोत.

एका जागी चार-पाच दिवस राहतो, मग उठतो, परत दुसरीकडे चार दिवस, असं चालू असेल तर उजेड-प्रवाह ठीक आहे पण पायाला जागा मिळत नाहीये. गुळगुळीत दगड असतील, फट उथळ असेल, किंवा फटीत आधीच एखादा खेकडा नाहीतर ब्रिसल वर्म (केसाळ किडा) राहत असेल. भरीव दगडापेक्षा भोकंभोकं असलेला दगड घाला.

एका बाजूपासून लांब जातोय तर त्या बाजूला शेजारी कोण आहे बघा. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडतो, झोअँथिड आणि मश्रूम (कोरलचेच भाऊबंद) चिकटून असले तरी भांडण होतं. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि दर तीन आठवड्यांनी बदला. आणि क्लाउनफिश, म्हणजे ॲनिमोनमध्ये राहणारा मासा? नव्या छोट्या ॲनिमोनमध्ये मोठी मादी घुसून सारखं घुसळत असेल, तर तो बिचारा उघडतच नाही, शेवटी निघून जातो. अशा वेळी जाळीच्या टोपलीत ॲनिमोनला काही दिवस वेगळं ठेवा.

आणि दिशा काहीच नाही, दिवसरात्र भटकतोय, कधी काचेवर कधी वाळूवर कधी वाहत, तर पाणी तपासा. ही वेगळी पायरी म्हणूनच लिहितोय.

पायरी ६: पाणी, आणि गोव्याचे ऋतू

सॅलिनिटी पहिली. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडने जुळवून घ्या, साध्या पाण्याने नाही. मार्च ते मे पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं, दोन दिवस टॉप-अप राहिला की सॅलिनिटी ३५ ची ३७ होते, मग आपण बादलीभर गोडं पाणी एकदम ओततो आणि ती परत खाली. असं वरखाली झालं की ॲनिमोन चालायला लागतो. ऑटो टॉप-अप लावा, उजेड किंवा पंपापेक्षा मी आधी हा खर्च करायला सांगेन.

मग तापमान. मे महिन्यात दुपारी टँक ३० च्या वर सहज जातो. पाण्यावर पंखा लावला तर दोनेक डिग्री उतरतं, पण ते बाष्पीभवनावर चालतं, आणि जून-जुलैत हवेत इतकी ओल असते की पंखा जवळजवळ निकामी ठरतो, लोकांना वाटतं पाऊस पडला आता गार झालं, टँकमध्ये मात्र २९ तसंच. चिलर परवडत असेल तर घ्याच. नसेल तर खोलीचा एसी, आणि दिवे दुपारी न लावता संध्याकाळी चार ते रात्री बारा असे लावा.

त्यानंतर अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट. काही वेगळं सापडलं तर एकदम दुरुस्त करू नका, रोज थोडं थोडं, दहा-पंधरा टक्के पाणी बदलत.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीच्या आधी घराला रंग लावतात, फरशीला फिनेल, कीटकनाशकाचे फवारे, आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतो. टँकच्या खोलीत रंगकाम असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, खिडक्या उघड्या ठेवा, कार्बन ताजा घाला. आणि चवथीला आपण सगळे पणजी-मडगावचं घर बंद करून गावच्या घरी जातो, दीड दिवस म्हणत पाच दिवस होतात. त्याआधीच्या महिन्यात नवीन ॲनिमोन आणू नका. तो नेमका तेव्हा फिरणार, लाइट तेव्हाच जाणार आणि बघायला घरी कोणी नसणार. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जा आणि त्यांना फक्त एवढं सांगा की पंप चालू आहे का बघा आणि टाकीत पाणी या रेघेपर्यंत आहे का बघा. खाणं घालायला सांगू नका, हौसेने जास्त घालतात.

पायरी ७: हात कधी घालायचा आणि कसा

तीनच वेळा: पंपाच्या तोंडाशी पोचला असेल, दुसऱ्या जीवाला डंखाने जाळत असेल, किंवा वाहत वाहत मागे दिसणार नाही अशा ठिकाणी अडकला असेल. बाकी वेळी कारण दुरुस्त करा आणि आठवडाभर थांबा.

हातमोजे घाला, विशेषतः कार्पेट असेल तर, त्वचेवर पुरळ उठतं, आणि तो हात डोळ्याला लावू नका. काचेवरचा ॲनिमोन काढणं सोपं: जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या, पायाची कड किंचित उचला, थांबा, तो आक्रसतो, परत थोडी कड उचला, असं गोल फिरत या. पाच मिनिटांत पाय सुटतो. ताणला जातोय असं वाटलं की लगेच थांबा, पायाला चीर गेली तर ती सडते आणि मग तो वाचणं कठीण.

दगडावरचा असेल तर शक्यतो दगडच हलवा. ते शक्य नसेल तर दगड टँकच्याच पाण्याने भरलेल्या टबात घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे बांधा आणि ती पिशवी पायाच्या अगदी बाजूला दगडाला टेकवून धरा. पिशवी यासाठी की वितळलेलं गोडं पाणी त्याला लागू नये. गारव्यापासून पाय मागे सरकायला लागतो, मग दुसऱ्या हाताने सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कडेला हळूच पाणी मारत राहा. वेळ लागतो, लागू द्या. फटीत खोल गेलेल्याला ओढून काढायचा प्रयत्न करूच नका, त्या फटीवर सावली करा आणि हव्या त्या जागी उजेड ठेवा, येईल बाहेर.

पायरी ८: फिरतोय की मरतोय

तोंड सतत आ वासलेलं, आतलं पांढरं मांस बाहेर लोंबतंय, टेंटॅकल्स चिकटत नाहीत, पाय कशालाच धरत नाही आणि अंगाचा बुळबुळीत चिखल सुटायला लागलाय, तर तो संपला. खात्री नसेल तर पाण्याबाहेर क्षणभर काढून वास घ्या, मेलेल्याचा वास चुकत नाही. तसं असेल तर लगेच काढा, सकाळपर्यंत थांबू नका, २०-२५ टक्के पाणी बदला, कार्बन बदला, स्किमर जोरात लावा, दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. नुसता आक्रसलेला, पण तोंड मिटलेलं आणि पाय घट्ट असेल तर तो जिवंत आहे, त्याला राहू द्या.

पायरी ९: बसला की

महिनाभर एकाच जागी राहिला तर त्याला ती जागा पटली असं समजा. तोवर जवळपास दुसरं कोरल लावू नका, त्याच्या पूर्ण फुललेल्या घेराच्या भोवती अजून १५ सेंटीमीटर मोकळी जागा सोडून मगच लावा. दिवा, वेव्हमेकर, दगड यातलं काही बदलायचं असेल तर एका वेळी एकच बदला आणि पुढच्या बदलाआधी दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे तो परत उठला तर कशामुळे उठला ते कळेल.

बबल टिप मात्र नीट बसलेला असूनही कधीकधी अचानक लांबट होतो, मधे कंबर पडते, आणि एक-दोन दिवसांत त्याचे दोन होतात. मग त्यातला एक जण निघतो, कारण एका फटीत दोघांची जागा नसते. हे आजारपण नाही. पंपांची कव्हरं जागेवर आहेत का बघा, पाणी तपासा, दोघांच्याही चिरलेल्या बाजू भरेपर्यंत खायला घालू नका. साधारण आठवड्याभरात दोन्ही तोंडं नीट दिसायला लागली की सुंगटाचे अगदी बारीक तुकडे सुरू करा, आणि टँक दोघांना पुरणारा नसेल तर दुसरा त्याच्या दगडासकट अशा कोणाला तरी द्या ज्यांचा टँक वर्षभर जुना आहे आणि पंप झाकलेले आहेत.